सोबत फुटेज जोडले आहे

टेकचंदभाऊ कापगते यांनी पाठवलेला पहिला बग रिपोर्ट मी उघडला, तेव्हा पडद्यावर झेंडूच्या पाकळ्या पडायला लागल्या. मागे सनई. मग डाव्या कोपऱ्यातून एक सोनेरी कलश तरंगत आला, उजव्या कोपऱ्यातून दुसरा आला, दोघांच्या मधोमध एक लाल बदाम उमलला आणि त्या बदामात हळूहळू आमच्या सॉफ्टवेअरची एरर उमटली: 'नोंद जतन झाली नाही.' एरर जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली, एकदा स्वतःभोवती गोल फिरली. शेवटी पाकळ्या थांबल्या आणि वळणदार अक्षरांत लिहून आलं, 'आपल्या आगमनाने शोभा वाढली.'

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॉफ्टवेअर वापरताना काही बिघडलं की ते ज्याला सापडलं त्यानं लिहून कळवायचं असतं. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एवढ्या तीन ओळी. सोबत पुरावा म्हणून पडद्याचं एखादं चित्र जोडायचं, आणि फार झालं तर संगणक स्वतःच्या कामाची जी टिपणं ठेवतो ती लॉग नावाची फाइल. बस. सगळ्या जगात असंच चालतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. पुण्यात काही वर्षं काढून आलो होतो आणि हे आमगावात सांगत होतो, त्यामुळे कोणी उलट बोलत नसे.

आमचं ऑफिस आमगावला, रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आहे. राइस मिलसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. धान किती आलं, भरडलं किती, तांदूळ किती निघाला, कनकी म्हणजे तुकडा-तांदूळ किती, कोंडा किती, ट्रक कोणता गेला. मालक संजयभैया गोंदियाला राहतात, स्वतः मिलवाल्यांच्या घरातले आहेत आणि हिंदीतच बोलतात. प्रोग्राम मी लिहितो. त्यातल्या चुका शोधायला टेकचंदभाऊ.

भाऊंनी पन्नाशी ओलांडलेली आहे. आमगावपासून सालेकशापर्यंत एके काळी ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरी व्हिडिओ शूटिंगला टेकचंदभाऊ. मग हातोहाती मोबाइल आले, आणि ज्यांच्याजवळ पैसा होता ते ड्रोनवाल्यांना बोलवायला लागले. भाऊंच्या स्टुडिओचं शटर खाली आलं. संजयभैयांचं लग्नही भाऊंनीच शूट केलं होतं. भैया म्हणाले, कम्प्यूटर तो चलाते ही हो, हमारे यहाँ आ जाओ. मी भैयांना विचारलं होतं की या माणसाला टेस्टिंगचा अनुभव काय. भैया शांतपणे म्हणाले, ज्यानं माझ्या लग्नात माझ्या रुसलेल्या फुफाजींना सांभाळलं त्याला तू टेस्टिंग काय शिकवशील.

भाऊ अंगानं सडपातळ. उन्हाळा असो की थंडी, अंगात कॅमेरामनचं ते खिशाखिशांचं जाकीट. एका खिशात सेलोटेप, एकात कपडे वाळत घालायचे चिमटे, एकात लवंगा. वरातीच्या पुढे उलटं चालत चालत आयुष्य गेल्यामुळे त्यांना सरळ चालण्याची सवय कमी. बोलता बोलता ते मागे सरकत जातात. ऑफिसचा जिना तर ते उलटाच उतरतात, एक हात कठड्यावर आणि डोळे वर तुमच्याकडे. कुठे आपटत नाहीत. आपटतो मी, त्यांना सावध करायला धावताना.

लिहायचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा. रिपोर्टमध्ये तपशील लिहायची जी मोठी चौकट मी हौसेनं बनवली होती, तीत ते एकच वाक्य टाकत: 'सोबत फुटेज जोडले आहे.' आणि फुटेज म्हणजे एक फाइल नव्हे. त्यांच्या प्रत्येक तक्रारीचे पाच भाग असत, आणि फायलींची नावं ठरलेली. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, मग हळद, वरात, लग्न, बिदाई. साक्षगंधात संगणक सुरू होतो आणि सॉफ्टवेअर उघडतं. हळदीत माहिती भरली जाते. वरातीत माउसचा बाण बटणाकडे निघतो, आणि तो रमतगमत निघतो. लग्नात एरर येते. बिदाईत सगळं बंद करून संगणकावर कापड टाकलं जातं, आणि त्या वेळी सनई बदलून जरा रडकी होते.

मी त्यांना समजावलं की भाऊ, मला फक्त लग्न पाठवत जा, बाकीचं नको. त्यांना वाईट वाटलं. माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "नितीनभाऊ, डायरेक्ट लग्नच दाखवलं तं पाहणाऱ्याले समजल का, नवरी कोनाची अन् नवरदेव कोनाचा?"

 मग उत्तर न सुचलेला शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं. इंग्रजीत नियमावली लिहिली. फाइल कोणत्या प्रकारची असावी, केवढी असावी, नाव कसं असावं, सनई नसावी. मोठ्या अक्षरांत छापून ती भिंतीवर लावली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नवा बग रिपोर्ट आला. सोबत फुटेज. पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणारी माझी नियमावली, मग कॅमेरा हळूहळू वरच्या ओळीकडे सरकतो, जवळ जातो, आणखी जवळ जातो आणि 'अटॅचमेंट' या शब्दावर थांबतो. त्यात मी एक टी कमी घातला होता. त्या मोकळ्या जागेवर बदाम उमलला.

मिलमधून तक्रार आली की भाऊ स्कूटर काढून तिथे जात. मोबाइल, तिपाई आणि पांढरं कापड बरोबर घेत. धानाच्या कोंड्यानं माखलेल्या त्या खोलीत संगणकामागे ते पांढरं कापड चिमट्यांनी टांगायचं, मुनीमजींना केस नीट करायला लावायचे, आणि मग एरर आणायची. मुनीमजी घाबरलेले असत, कारण समोर ट्रक उभा आणि पावती निघत नाही. भाऊ त्यांना सांगत की चेहरा असा नका ठेवू, घरचेही पाहतील. त्या सगळ्या रिपोर्टांत मुनीमजी बटण दाबण्याआधी एकदा कॅमेऱ्याकडे पाहून लाजतात.

भाऊंची बोलीही सगळी त्याच घरची. संगणक अडकला तर 'वरात रोडवर थांबून राहिली'. वेळ संपल्यामुळे सॉफ्टवेअर आपोआप बंद झालं तर 'मुहूर्त टळला'. मी एखादी चूक दुरुस्त केली आणि तीच पुन्हा निघाली तर ते म्हणत, रुसलेला नवरदेव परत मांडवात आला पाहा. आणि मी म्हणालो की असं होणं शक्यच नाही, तर ते जाकिटाच्या खिशाला हात लावून म्हणत, फुटेज आहे आपल्यापाशी.

या फुटेजनं मला एकदा चांगलंच झोपवलं. पोत्यांची बेरीज चुकते अशी तक्रार होती आणि तिचं लग्न भाऊंनी ऑफिसमध्येच शूट केलं होतं. बेरीज सुरुवातीलाच चुकून मोकळी झाली होती. पण भाऊंनी कॅमेरा बंद केला नव्हता, आणि मागच्या टेबलावर मी होतो. संजयभैयांचा फोन आला होता. मी त्यांना सांगत होतो की भैया, उसीमें लगा हूँ, खाना तक नहीं खाया. माझ्या दुसऱ्या हातात आलुबोंडा होता. भाऊंनी त्यात तर्रीत बुडवलेल्या आलुबोंड्याचा तोंडापर्यंतचा सगळा प्रवास स्लो मोशनमध्ये टाकला होता. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. जेवणाचा सीन स्लो मोशनमध्येच चांगला दिसतो, असं त्यांचं मत आहे. रिपोर्ट नियमाप्रमाणे भैयांनाही गेला.  तेव्हापासून फोनवर भैयांचं पहिलं वाक्य ठरून गेलं, "नितीन, आज खाना हुआ?"

यानंतर सर्व्हर भरायला लागला. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही समजू नका. माझ्या टेबलाखाली एक संगणक होता, त्यावर मी पाय ठेवून बसत असे. पण सगळ्या मिलची माहिती त्यावर येऊन साठायची, आणि बग रिपोर्टांना जोडलेल्या फायलीही तिथेच असायच्या. ऐन हंगामात एका सकाळी जागाच संपली. सालेकसा रोडवरच्या एका मिलमध्ये गेटपास निघेना. बाहेर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर मुनीमजींच्या अंगावर ओरडायला लागले, मुनीमजी भैयांच्या अंगावर आणि भैया माझ्या. मी वरून आलेलं पुढे सरकवलं. म्हणालो, हे टेकचंदभाऊंच्या व्हिडिओंमुळे झालं. खरं म्हणजे तसा मी काही तपास केला नव्हता, पण पाकळ्या आणि कलश डोळ्यांसमोर होते आणि राग यायला तेवढं पुरे होतं.

मी डिस्क बदलून मोठी बसवली आणि जोडायच्या फाइलला मर्यादा घातली. भाऊंनी वरातीचे तुकडे केले: वरात घराजवळ, वरात चौकात, वरात मांडवाजवळ. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मिटलेल्या तक्रारींच्या जोडफायली तो रोज संध्याकाळी पुसून टाकणार. त्याला मी 'सफाई' असं नाव दिलं आणि भैयांना त्याच्याबद्दल बरंच काही सांगितलं. गंमत अशी की सफाई रोज चालायची, यादीतून फायली रोज जायच्या, आणि तरी जागा काही मोकळी होत नव्हती. यावर मी जो निष्कर्ष काढला तो मला तेव्हा फार शास्त्रीय वाटला होता. मी जितकं पुसतो त्याच्यापेक्षा हा माणूस जास्त जोडतो.

त्या रागात मी त्यांचे व्हिडिओ पाहणंच सोडून दिलं. उघडायचा, बोटानं शेवटापर्यंत ओढायचा, बंद करायचा, खाली लिहायचं 'तपासले, काही आढळले नाही', आणि तक्रार मिटवायची. संध्याकाळी सफाई येऊन पुसून जायची.

अशाच एका दुपारी त्यांचा एक रिपोर्ट आला. पाच फायली असायच्या तिथे सहावी होती, तिला नाव नव्हतं. उघडली तर पाकळ्या नाहीत, सनई नाही. एक निळी भिंत, तिच्यावर कसलीशी सावली हलत होती. मी नेहमीसारखी शेवटापर्यंत ओढली. शेवटीही भिंतच, पण दुसरी. मनात म्हटलं, आता हा माणूस भिंतीही पाठवायला लागला. तक्रार मिटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. कालच्या रिपोर्टला एक फाइल चुकून जोडली गेली, ती परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं.

एवढी चांगली संधी मला आजवर मिळाली नव्हती. मी खुर्ची वळवून घेतली आणि बोलायला सुरुवात केली. फाइलला नाव का द्यावं, जोडण्याआधी ती उघडून का पाहावी, एका माणसाच्या हलगर्जीपणामुळे ट्रक कसे उभे राहतात. पुण्यातली उदाहरणं दिली. भिंतीवरच्या नियमावलीकडे बोट दाखवलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखे मागे सरकले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "बराबर आहे तुमचं. पन ते फाइल देता का?"

मी म्हटलं, ती काल संध्याकाळी सफाईत पुसली गेली. पण त्यात काळजीचं काय, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये असेलच.

आमच्याकडे फाइल जोडायची तर आधी ती सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकावी लागते. भाऊंनी पेनड्राइव्हमधून सगळ्या फायली एकदम उचलून तिथे टाकल्या होत्या. कॉपी करायच्या त्या ऐवजी कट झाल्या. पेनड्राइव्ह रिकामा होता. त्यांनी तो खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला, जणू मीच पाहून सांगावं. मग शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. माझ्या टेबलापाशी भाऊ बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी जरा नरमाईनं म्हणालो, भाऊ, त्यात काही नव्हतं हो. मी पाहिली ना. नुसती भिंत होती.

"भिंतीकडे काऊन पाहून राहिले होते तुम्ही?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "उजेडाकडे पाहाचं होतं."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही सांगितलं, आणि सांगताना बहुतेक वेळ खिशातल्या चिमट्याशी खेळत होते. इंदूवहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव मी ऐकून होतो. मी आमगावला परत येण्याआधीच त्या आजारपणात गेल्या. मला माहीत नव्हतं ते हे की भाऊंचे लाइट त्या धरत असत. शूटिंगला हॅलोजनचा मोठा दिवा लागायचा, दांडीवर लावलेला, मागे लांब वायर. सुरुवातीला भाऊंनी एक माणूस ठेवला होता, पण नवरीच्या खोलीत त्याला बायका येऊ देत नसत. मग इंदूवहिनी जायला लागल्या. त्या पुढे गेल्या की दारं उघडायची. मागून कॅमेरा. सगळ्या तालुक्यात त्यांना लाइटवाली बाई म्हणत. इतकी लग्नं झाली, पण त्या एकाही व्हिडिओत नव्हत्या. ज्याच्या हातात दिवा, त्याच्यावर कॅमेरा कोण धरणार.

"फोटो आहेत घरी," भाऊ म्हणाले. "लग्नातला आहे, आधार कार्डवरला आहे. पन चालती-बोलती कोठीच नाही."

म्हणून त्यांनी जुन्या टेपा काढल्या. लोकांच्या लग्नांच्या, ज्यांची मूळ कॅसेट स्टुडिओत राहून गेली होती त्या. एकेक लावून पाहायची. कुठे वायर ओढणारा हात चौकटीत आला, कुठे भिंतीवर सावली पडली, कुठे आवाज आला, तेवढं कापून घ्यायचं. टेपांना बुरशी लागली होती. काही एकदाच चालल्या आणि मग चिकटून बसल्या. नंतर ते जुनं यंत्रही बंद पडलं आणि दुरुस्त करणारा कुठे सापडला नाही. जे हाती आलं ते भाऊंनी जोडून जोडून एक फाइल केली होती. घरचा संगणक फार हळू चालतो, म्हणून दुपारच्या सुट्टीत ऑफिसमध्ये ते काम करायचे. मी ज्या वेळी आलुबोंडा खात असे त्या वेळी.

 बोलण्यासारखं माझ्याकडे होतं तेवढं मी आधीच बोलून बसलो होतो. मी टेबलाखालच्या त्या संगणकावरून पाय खाली घेतले आणि सफाईचा प्रोग्राम उघडला. पुसलेल्या फाइलच्या जागेवर अजून दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर ती परत काढता येते, एवढं मला माहीत होतं. कसं, ते माहीत नव्हतं. म्हणून आधी आपण पुसतो नेमकं कसं ते पाहावं, म्हणून मी माझंच लिहिलेलं वाचायला लागलो.

वाचता वाचता मला हसू आलं. प्रोग्राम यादीतून फाइलचं नाव काढत होता. ते काम तो उत्तम करत होता. त्यानंतर डिस्कवरून फाइल पुसायची ओळ हवी होती. त्या जागी माझ्याच हातची टीप होती: 'हे नंतर लिहायचं.' ते मी नंतर लिहिलंच नव्हतं. आजवर सफाईनं एकही फाइल पुसली नव्हती. जागा का मोकळी होत नव्हती, गेटपास का अडकत होते, भैया का ओरडत होते, सगळं माझ्यापाशी येऊन थांबत होतं. त्या दिवसाइतका मी माझ्या नालायकपणावर कधी खूश झालो नाही.

"भाऊ, आहे," मी म्हणालो. "ती इथेच आहे कुठेतरी."

भाऊ उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. पण नावं गेली होती. डिस्कवर उरले होते नुसते आकडे, हजारोंनी, आणि सफाई रोज संध्याकाळी सगळ्यांवरून हात फिरवत असल्यामुळे तारखाही सगळ्यांच्या सारख्याच, कालच्या. ओळखायचं तर उघडून पाहण्याशिवाय मार्ग नव्हता. मी एकेक उघडायला लागलो.

पाकळ्या. सनई. भाऊ हळूच म्हणायचे, नाही, पुढची. पाकळ्या. सनई. नाही, पुढची. मी कधीच न पाहिलेली ती सगळी लग्नं आता माझ्यासमोरून जात होती. चुकलेल्या बेरजा, दोनदा छापलेल्या पावत्या, धानाच्या जागी कनकी आणि कनकीच्या जागी काहीच नाही. ज्या तक्रारींवर मी 'काही आढळले नाही' लिहून मोकळा झालो होतो, त्यांची लग्नं भाऊंनी स्वच्छ उजेडात लावून ठेवली होती. माझ्या चुका एवढ्या थाटामाटात कोणी मिरवल्या नसतील. लाजणारे मुनीमजी आले, पुन्हा आले. माझा आलुबोंडा आला. भाऊ म्हणाले, पुढची. खालच्या दुकानात कोणीतरी लोखंडी पाइप कापत होतं. ऑफिसात मिलवाल्यांचे फोन उचलणारी दोन मुलं जेवायला घरी गेली आणि परत आली. मी जेवायला उठलो नाही. भैयांचा फोन आला आणि त्यांनी नेहमीचं विचारलं, तेव्हा मी खरं उत्तर दिलं. त्यांना ते खोटं वाटलं असणार.

मग एक फाइल उघडली आणि सनई वाजली नाही. निळी भिंत होती.

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आधी ती पेनड्राइव्हमध्ये कॉपी केली, मग माझ्या संगणकावर, मग भाऊंच्या मोबाइलमध्ये. तिन्हीकडे उघडते का ते पाहिलं. मग खुर्ची बाजूला घेतली, भाऊंची खुर्ची शेजारी ओढली आणि पहिल्यापासून लावली.

निळ्या भिंतीवर एका बाईची सावली होती. डोक्यावर पदर, हात वर उचललेला. नवरी हळद लावून बसलेली होती, पण भाऊंनी तिला चौकटीच्या बाहेर सारलं होतं, नुसता खांदा दिसत होता. मग एक मांडव, त्याच्या कापडावर तीच सावली, लांब झालेली. मग हिरव्या बांगड्यांचा एक हात, पायांत गुंतलेली वायर ओढून घेणारा. मग रबरी चप्पल घातलेलं पाऊल, मेंदीच्या ताटाला चुकवून पुढे टाकलेलं. कुठेतरी एक आवाज, बॅण्डच्या वर चढलेला, "थांबा जी, वायर अडकला." दुसऱ्या एका घरात कोणाला तरी हसत सांगत होत्या की मी नाही खात आता, काम झाल्यावर खाईन. चेहरा कुठेच नव्हता. एकदा आरशात येईल असं वाटलं, पण आरशात नुसता दिव्याचा पांढरा गोळा आला.

भाऊ खुर्चीच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर.

अर्ध्यावर पडदा एकदम काळा झाला. मी वाट पाहिली. काळाच. दुरून बॅण्ड ऐकू येत होता, कोणीतरी पाणी मागत होतं, आणि अगदी जवळ बांगड्यांची किणकिण. मला वाटलं इथे टेप खराब झाली असेल. सवयीनं माझं बोट पुढे ओढायला गेलं.

"राहू द्या," भाऊ म्हणाले.

मी विचारलं, भाऊ, हे कापायचं राहून गेलं का?

"नाही राहिलं." त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "दिवा लय जड राहे तो. लाइट खाली ठेवून हात बदलून राहिली होती थे."

आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. थोड्या वेळानं बांगड्या पुन्हा वाजल्या, आणि उजेड हळूहळू वर चढत गेला.